भिंतीचा रंग सगळ्यात शेवटी : घर सजवताना या चुका टाळा

घर सजवायला काढलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: भिंतींना कोणता रंग द्यायचा? घोळ इथेच सुरू होतो. रंग हजारो छटांत मिळतो, हवा तसा मिसळून मिळतो. सोफ्याच्या कापडाचं, पडद्यांचं तसं नाही; तिथे समोर जे आहे त्यातूनच निवडावं लागतं. फरशी तर बहुतेकांना बदलायचीच नसते. आधी भिंती रंगवून मोकळे झालात, तर पुढे महिनोन् महिने त्या भिंतीला शोभणारं कापड शोधत फिरणं आलं. म्हणून आधी फरशीकडे बघा, मग मोठं फर्निचर, मग पडदे आणि भिंत शेवटी.

शेडकार्डवर भाळणं ही त्याहून महागात पडणारी चूक. बोटभर तुकड्यावर गोड वाटलेला पिवळा चारही भिंतींवर चढला की डोळ्यांवर येतो. भिंती समोरासमोर असतात ना! एकीवरून परतलेला पिवळा उजेड दुसरीवर पडतो, तिचा पहिलीवर, आणि रंग स्वतःलाच गडद करत जातो. कार्डावर आवडलेल्या छटेपेक्षा एक पायरी फिकी किंवा जरा राखाडीकडे झुकणारी छटा घेतलेली बरी. फोनच्या स्क्रीनवर पाहून तर रंग ठरवूच नका.

नमुना पाहायचा तो दोन बाय दोन फुटांच्या पुठ्ठ्यावर. पांढऱ्या पुठ्ठ्यावर रंगाचे दोन हात मारा आणि पूर्ण वाळू द्या. इमल्शन, म्हणजे भिंतींना देतात तो पाण्यात मिसळायचा रंग, ओलं असताना फिकं दिसतं, वाळल्यावर गडद होतं. मग तो पुठ्ठा खोलीभर फिरवा. सकाळी खिडकीपाशी, दुपारी अंधाऱ्या कोपऱ्यात, रात्री दिव्याखाली, आणि मुख्य म्हणजे सोफ्याच्या आणि कपाटाच्या शेजारी.

शेजार इतका महत्त्वाचा का, याची एक मजेदार गोष्ट आहे. मिशेल शेव्रल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसमधल्या गोब्लँ या राजाश्रयाच्या विणकाम कारखान्यात रंगाई पाहत होता. तक्रार अशी होती की काळा धागा फिका दिसतो. तपासल्यावर लक्षात आलं की काळ्यात काही खोट नाही. निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी विणल्यामुळे तो मरगळलेला भासतो. शेजारचे रंग एकमेकांचं रूप पालटतात, हा नियम त्याने १८३९ मध्ये सविस्तर मांडला. केशरी झाक असलेल्या लाकडी कपाटाशेजारी तुमची साधी करडी भिंत निळसर का दिसते, त्याचं उत्तर हेच. रंगाऱ्याने डबा बदलला नाही.

आणि रंग फसलाच, तर लगेच पुन्हा रंगकाम काढू नका. आधी बल्ब बदलून बघा. उजेडाची छटा केल्व्हिनमध्ये मोजतात: २७०० ते ३००० केल्व्हिनचा बल्ब पिवळसर उजेड देतो, ६५०० चा निळसर पांढरा. ऊबदार क्रीम रंग दुसऱ्याखाली आजारी दिसतो. एकाच खोलीत दोन्ही लावले असतील तर एकच भिंत दोन ठिकाणी दोन रंगांची वाटते. खोक्यावर सीआरआय हा आकडाही वाचा. तो ९० च्या पुढे असेल तर रंग बरेचसे खरे दिसतात. बल्बनेही भागलं नाही तर पडदे, आणि त्यानंतरच ब्रश.

भिंतीला खार फुटला असेल, पोपडे सुटत असतील, तर रंगाला दोष देऊ नका. पाणी कुठून येतंय ते शोधा, बंद करा, भिंत वाळू द्या. ओलीवर मारलेला रंग कितीही भारी असला तरी पुन्हा सुटणारच. खडबडीत भिंतीला चकचकीत रंग देऊ नका, प्रत्येक उंचवटा उठून दिसतो. मॅट बरंच झाकून नेतो.

आता फर्निचर. इथे चुका आवडीच्या कमी आणि मापाच्या जास्त असतात. दुकानाच्या उंच, मोकळ्या दालनात सोफा लहानच वाटतो. घरी जमिनीवर त्याच्या मापाची चिकटपट्टी लावा आणि दोन दिवस तिच्याभोवती वावरा. ये-जा करायला किमान अडीच फूट वाट उरायला हवी. सोफा आणि समोरचं टेबल यांत १४ ते १८ इंच. टेबल आणि खुर्च्या वेगवेगळ्या ठिकाणांहून घेता? खुर्चीच्या बैठकीपासून टेबलाचा वरचा पृष्ठभाग १० ते १२ इंच वर हवा. अंतर जास्त झालं तर बैठकीवर गादी टाका. टेबलाचे पाय कापायच्या भानगडीत पडलात तर डुगडुगणारं टेबल पदरात पडायची शक्यता दाट.

कपड्यांच्या कपाटाची खोली आतून साधारण २२ इंच लागते, नाहीतर हँगर तिरके लटकतात आणि दार लागत नाही. जागा वाचवायला सरकती दारं छान, पण एका वेळी निम्मंच कपाट उघडतं, हे सुताराला होकार देण्याआधी आठवा.

खोलीचं माप सगळे घेतात, वाटेचं कुणी घेत नाही. आमचा सोफा बैठकीच्या खोलीत अगदी बरोबर बसणार होता. अडला तो जिन्याच्या वळणावर. तासभर तो तिथेच, वरचे शेजारी वर आणि खालचे खाली. शेवटी पाय काढून, उभा करून वर नेला. पाय स्क्रूचे आहेत की चिकटवलेले, हा प्रश्न मला विकत घेताना नव्हे, त्या वळणावर सुचला.