पिथॉस म्हणजे पेटी नव्हे: ग्रीक कथा मराठीत आणताना या चुका टाळा

एखादं जुनं प्रकरण उकरलं गेलं की मराठी अग्रलेखात 'पँडोराची पेटी' हमखास उघडते. राजकारणावर लिहिताना हा वाक्प्रचार खुशाल वापरा, तो आता रुळलाय. पण पँडोरा नावाच्या स्त्रीने झाकण उघडलं आणि जगात संकटं पसरली, ही मूळ ग्रीक कथा सांगताना पेटी ठेवू नका. इ.स.पू. 700 च्या सुमारास ग्रीक कवी हेसिओडने वापरलेला शब्द 'पिथॉस' आहे, म्हणजे मातीचा मोठा रांजण. सोळाव्या शतकात डच विद्वान इरॅस्मसने ही गोष्ट लॅटिनमध्ये सांगताना 'पिक्सिस', म्हणजे झाकणाची डबी, असा शब्द घातला आणि पुढे युरोपभर तीच पसरली.

फरक मोठा आहे. पिथॉसमध्ये धान्य, तेल, वाइन अशी घराची बेगमी असे. अनेकदा तो अर्धा जमिनीत पुरलेला असे. क्रीट या ग्रीक बेटावरच्या नॉसॉसच्या राजवाड्यातले काही पिथॉस माणसापेक्षा उंच आहेत. त्यांच्या अंगावर मातीचेच दोरखंड उठवलेत आणि कानही दोनाहून अधिक आहेत. पँडोरा उघडते ते असं कोठार. म्हणूनच हेसिओड म्हणतो की आशा रांजणाच्या काठाखाली आतच राहिली. पेटीला असा काठ कुठून आणणार? तेव्हा 'रांजण' लिहा. 'मडकं' किंवा 'सुरई' लिहिलंत तर आकार पुन्हा चुकतो.

तीच गत ग्रीक तत्त्वज्ञ डायोजेनिसची. तो लाकडी पिंपात राहायचा असं सर्रास लिहिलं जातं. ग्रीकांची वाइन मातीच्या भांड्यांत मुरायची, आणि तो अथेन्समध्ये राहिला तोही पिथॉसमध्येच. हे अगदीच अघटित नव्हतं. युद्धामुळे शहरात आलेले खेडूत अशा रांजणांत राहतात, असा उल्लेख ग्रीक नाटककार अ‍ॅरिस्टोफेनिसच्या इ.स.पू. 424 मधल्या नाटकात आहे.

पिथॉस आणि अँफोरा एक समजू नका. अँफोरा दोन कानांचा, उचलून जहाजात रचायचा. पिथॉस एका जागी रोवलेला. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवाशाच्या उत्खननात अँफोराचे तुकडे मिळालेत, ते याच सागरी व्यापाराचे. मात्र भारतात पूर्वी अँफोरा म्हणून नोंदलेले बरेच तुकडे मेसोपोटेमियाकडच्या बिनकानी, आतून डांबर लावलेल्या भांड्यांचे निघालेत. त्यामुळे जुने अहवाल जपून वाचा.

उच्चार 'पायथॉस' नाही. पिथॉसमधल्या 'थीटा' या प्राचीन ग्रीक अक्षराला आपला 'थ' चपखल बसतो. अनेकवचन 'पिथॉइ', पण मराठीत 'अनेक पिथॉस' म्हटलं तरी चालतं.

शेवटची चूक म्हणीची. प्लेटोच्या संवादांत 'पिथॉसवर कुंभारकाम शिकणं' अशी म्हण येते. तिचा शब्दशः अर्थ घेऊन 'रांजणात बसून शिकणं' असं करू नका. मोठा पिथॉस चाकावर एका दमात उठत नाही. मातीच्या वळ्या एकावर एक चढवायच्या, खालचा थर जरा आवळला की पुढची वळी. घाई केली तर ओल्या भिंती वरच्या भाराने बसतात. नवशिक्याने यालाच आधी हात घातला तर काय होणार, ते म्हणीत आहे. मराठीत 'मडकं जमण्याआधी रांजण घडवायला बसणं' असं लिहिलं, तर ती नीट उतरते.