पाऊस आहे म्हणून ट्रॅक डे बुडवू नका

ट्रॅक डे, म्हणजे आपली गाडी रेस ट्रॅकवर चालवायचा दिवस, आधीपासून बुक केलेला, गाडी धुऊनपुसून तयार, आणि नेमका त्याच सकाळी पाऊस. मग कोण येतंय, कोण नाही, कॅन्सल होणार का, हीच चर्चा. माझं सरळ म्हणणं आहे, आयोजकांनी ट्रॅक उघडा ठेवला असेल तर जा. अर्धे लोक पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात ती जागा) उभे राहून आभाळाकडे बघत बसतात त्यामुळे ट्रॅक मोकळा मिळतो, टायर आणि ब्रेक पॅड कमी झिजतात, आणि मुख्य म्हणजे घसरायच्या आधी गाडी काय काय सांगते ते पावसात कमी स्पीडलाच कळतं, कोरड्यात त्यासाठी खूप जोरात जावं लागतं. शिवाय मोठ्या इंजिनवाल्यांचा तोरा उतरतो, पॉवर असून खाली उतरवता येत नाही, आणि साधी हॅचबॅक निवांत त्यांच्या मागे चिकटून राहते :)

आता तयारी. सगळ्यात आधी टायर. बऱ्याच देशांत कायद्याने टायरची १.६ मिमी खोल नक्षी चालते पण साचलेल्या पाण्यात तेवढ्यावर विसंबू नका, ३ मिमीच्या खाली गेलेला टायर पाणी बाहेर फेकायला कमी पडायला लागतो. कोरड्यासाठी घेतलेले सेमी-स्लिक (अगदी कमी नक्षीचे ट्रॅक टायर) असतील तर त्यापेक्षा रोजचे चांगल्या नक्षीचे रोड टायर घालून या, खरंच सांगतो, त्या दिवशी तेच फास्ट. मग हवा. कोरड्या ट्रॅकवर टायर तापतो, प्रेशर वाढतं म्हणून आपण आधीच हवा काढून ठेवतो, पावसात टायर तापतच नाही त्यामुळे ती काढलेली हवा परत भरावी लागते. यामागे हिशोब पण आहे, नासाने विमानांच्या टायरवर प्रयोग करून एक सूत्र काढलं होतं, पीएसआयचं वर्गमूळ घ्या आणि १६.६ ने गुणा, साधारण ताशी तेवढ्या किमी स्पीडला टायर पाण्यावर तरंगायला लागतो. म्हणजे २६ पीएसआयला ८५ च्या आसपास आणि ३२ ला ९४. हे खोल पाणी आणि गुळगुळीत टायर धरून आहे, चांगली नक्षी असेल तर बरंच पुढे जाता येतं, पण हवा कमी ठेवली तर लवकर तरंगणार एवढं लक्षात ठेवा. म्हणून कंपनीने दाराच्या स्टिकरवर दिलेलं प्रेशर ठेवून सुरुवात करा, मग एखाद पीएसआय इकडेतिकडे करून बघा.

काच हा विषय लोक हसण्यावारी नेतात आणि मग पहिल्याच सेशनला परत येतात. हेल्मेट घातलेला, घाम आलेला माणूस बंद गाडीत बसला की दोन मिनिटांत आतून वाफ धरते. आदल्या दिवशी काच आतून नीट पुसा, तेलकट थर असेल तर वाफ जास्त धरते. एसी चालू, हवा काचेवर, आणि रिसर्क्युलेशन बंद म्हणजे बाहेरची हवा आत. कोरड्या दिवशी पॉवर वाचवायला एसी बंद ठेवणारे असतात, आज तो हट्ट नको. वायपरचं रबर कडक झालं असेल तर बदलून टाका. लाइट चालू ठेवा, तुम्हाला दिसावं म्हणून नाही, तुम्ही दुसऱ्यांना दिसावं म्हणून. टो हुक (अडकलेली गाडी ओढायचा हुक) आधीच लावून ठेवा. आणि बूट! ओला तळवा पेडलवरून सटकन घसरतो, त्यामुळे एक कोरडी जोडी गाडीत बसतानाच घालायची आणि एक जाडसर फडकं दाराशी ठेवायचं. गाडीतून काढलेलं सामान ठेवायला झाकणाची प्लास्टिकची पेटी आणा, नाहीतर संध्याकाळी सगळं भिजकं.

ट्रॅकवर गेल्यावर पहिले दोन-तीन लॅप फक्त बघायचे. पाणी कुठे साचलंय, कुठून आडवं वाहतंय, ते बहुतेक दर लॅपला त्याच जागी असतं, पाऊस वाढला की तेवढं बदलतं. कोरड्यानंतर नुकताच पाऊस सुरू झाला असेल तर पहिली काही मिनिटं सगळ्यात वाईट, तेल, धूळ आणि रबर यांचा चिखल वर येतो, जोरदार पावसाने तो धुतला गेला की उलट ग्रिप सुधारते.

आणि आता लाइन, इथेच बहुतेक जण अडकतात. शिकवलेली रेसिंग लाइन, म्हणजे ट्रॅकवरून जायचा सगळ्यात फास्ट मार्ग, पावसात बऱ्याचदा सगळ्यात निसरडी असते कारण तिथेच रबर बसलेलं असतं आणि डांबर घासून गुळगुळीत झालेलं असतं. त्यामुळे ब्रेक मारताना नेहमीच्या पट्ट्याच्या थोडं बाजूला जा, वळणात एपेक्सला, म्हणजे वळणाच्या सगळ्यात आतल्या बिंदूला, चिकटू नका, बाहेरच्या बाजूने मोठा गोल घेऊन बघा, तिकडचं डांबर खरखरीत असतं. रबरवाला पट्टा ओलांडायचाच असेल तर चाकं शक्य तितकी सरळ ठेवून ओलांडा. ट्रॅकच्या कडेच्या रंगवलेल्या कर्बवर आणि पांढऱ्या पट्टीवर चाक घालूच नका, साबण लावल्यासारखं असतं ते. १९९३ ला इंग्लंडमधल्या डोनिंग्टन ट्रॅकवर पावसातल्या फॉर्म्युला वन रेसमध्ये आयर्टन सेन्ना पहिल्या वळणाला पाचवा होता आणि लॅप संपेपर्यंत पहिला, तो लॅप बघा, कोण कुठून जातंय तेवढंच बघा. (तसं चालवायला जाऊ नका अर्थातच.) प्रत्येक ट्रॅकचं डांबर वेगळं असतं त्यामुळे बाहेरची लाइन सगळीकडे चालेल असं नाही, हळू स्पीडला दोन्ही करून बघा आणि स्टिअरिंग कुठे जड लागतं ते बघा, जड लागतंय म्हणजे ग्रिप आहे.

चालवताना गचका कुठेच नको. ब्रेक बराच आधी आणि सरळ रेषेत, पाय आपटायचा नाही, दाबत न्यायचा. डिस्क ओल्या असतात, त्यात ट्रॅकचे पॅड तापल्याशिवाय पकडत नाहीत, म्हणून लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी, मागे कोणी चिकटलेलं नसेल तर, हलकासा ब्रेक आधी लावून घ्या. वळणातून निघताना एक गिअर वरचा ठेवा, रेस हळूहळू द्या. फोर व्हील ड्राइव्हवाल्यांनो, तुमची गाडी निघते छान पण थांबायला सगळ्यांसारखीच चार चाकं आहेत. एबीएस आणि स्टॅबिलिटी कंट्रोल चालू राहू द्या, आणि डॅशबोर्डवरचा त्यांचा दिवा मिणमिणला की समजा की तुमचा हात किंवा पाय घाईत आहे. फुकटचा इन्स्ट्रक्टर आहे तो.

स्टिअरिंग अचानक हलकं झालं, इंजिनचा आवाज वर गेला, म्हणजे गाडी पाण्यावर तरंगतेय. ब्रेक नाही, स्टिअरिंग फिरवायचं नाही, रेस हळूच सोडा आणि थांबा, टायर परत जमिनीला लागतो तेव्हा चाकं सरळ असली पाहिजेत. दोन चाकं गवतात गेली तर ओढून परत आणायचा मोह आवरा, ओढलं की गाडी ट्रॅकवर आडवी येते. सरळ जाऊ द्या, स्पीड उतरू द्या, मग या. ओल्या गवतावर गाडी थांबत नाही, उलट जोर धरल्यासारखी वाटते, म्हणून ज्या वळणाच्या बाहेर भिंत जवळ आहे तिथे हिरोगिरी नको, प्रयोग करायचे तर जिथे मोकळी जागा आहे तिथे. फिरलीच तर क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबून धरा, थांबल्यावर मार्शलकडे (ट्रॅकच्या कडेला झेंडे घेऊन असतो तो) बघा, तो सांगेल तेव्हाच निघा.

झेंडे ब्रीफिंगला नीट ऐका. पिवळ्यावर लाल उभे पट्टे म्हणजे पुढे निसरडं आहे. नुसता लाल झेंडा दिसला की स्पीड कमी करून ब्रीफिंगमध्ये सांगितलं असेल तसं करा, बहुतेक ठिकाणी थेट पिटमध्ये यायचं. पुढच्या गाडीच्या फवाऱ्यात काहीच दिसत नाही, अंतर ठेवा, आणि मागचा घाईत असेल तर त्याला जाऊ द्या, हा ट्रॅक डे आहे, रेस नाही, लॅप टाइम लावणारं ॲप तर आज बंदच ठेवा.

पाऊस थांबला की सगळं उलटं होतं. गाड्या फिरून फिरून नेहमीची लाइन आधी सुकते आणि आता तीच चांगली, बाजूला मात्र ओलं. एक चाक कोरड्यावर आणि एक ओल्यावर असताना जोरात ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते, ओव्हरटेक करताना किंवा साइड देताना हे होतं. लोकांचा आत्मविश्वास पण नेमका याच वेळी वाढलेला असतो, मला तर भर पावसापेक्षा हा अर्धा तास जास्त धोक्याचा वाटतो.

सेशन संपल्यावर एक लॅप हळू मारा, पिटमध्ये हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये लावून ठेवा. घरी निघायच्या आधी टायरला गवत, खडे लागलेत का बघा, हवा बदलली असेल तर परत रोजची करा आणि फ्लोअर मॅट काढून वाळवा, नाहीतर आठवडाभर गाडीत कुबट वास.