चोर्ला घाट उतरताना थ्रॉटल बंद ठेवू नका : टू-स्ट्रोकवाल्यांनी टाळायच्या चुका

यामाहाच्या आरएक्स-१०० या टू-स्ट्रोक मोटरसायकलचं उत्पादन १९९६ साली थांबलं. म्हैसूरचा येझदी या दुसऱ्या टू-स्ट्रोक गाडीचा कारखानाही त्याच वर्षी बंद पडला. तरीही आपल्या बेळगाव जिल्ह्यात खानापूर, निपाणी, चिकोडीकडे या गाड्या अजून रस्त्यावर दिसतात, कुणाच्या हौसेच्या, कुणाच्या रोजच्या कामाच्या. पिस्टन जाम झाला की 'गाडी जुनी झाली, काय करणार' असं म्हणून विषय संपवला जातो. मला ते पटत नाही. वयामुळे इंजिन झिजतं, पण अचानक धरतं, म्हणजे जाम होतं, ते बहुतेक वेळा चालवणाऱ्याच्या किंवा मेस्त्रीच्या हातून काहीतरी राहून गेल्यामुळे.

फोर-स्ट्रोकमध्ये इंजिनच्या तळाशी तेल भरलेलं असतं आणि तेच पुन्हा पुन्हा फिरतं. टू-स्ट्रोकमध्ये तशी सोय नाही. क्रँकच्या बेअरिंगला, कनेक्टिंग रॉडला, पिस्टनला लागणारं तेल पेट्रोलच्या वाटेनंच आत येतं आणि जळून बाहेर जातं. पेट्रोल अडलं की तेल अडलं. खालच्या बहुतेक चुका या एका गोष्टीच्या विसरातून होतात.

घाटात थ्रॉटल पूर्ण सोडणं

जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला उतरून साखळीला जाताना किंवा आंबोलीहून सावंतवाडीकडे उतरताना फोर-स्ट्रोकची सवय असलेले लोक थ्रॉटल सोडून देतात आणि गाडी गिअरमध्ये तशीच वाहू देतात. चाकांच्या जोरावर इंजिन जोरात फिरत राहतं, पण कार्बोरेटर जवळजवळ मिटलेला असतो. येझदीसारख्या मिक्स पेट्रोलच्या (टाकीतल्या पेट्रोलमध्येच तेल मिसळायच्या) गाडीत त्या वेळी पिस्टनला तेल मिळतच नाही म्हटलं तरी चालेल. आरएक्सला ऑटोल्यूब पंप आहे, तो वेगळ्या टाकीतलं तेल आपोआप सोडतो. तो इंजिनवर फिरतो हे खरं, पण किती तेल सोडायचं ते थ्रॉटलला जोडलेली केबल ठरवते. म्हणजे तिथंही पुरवठा अगदी किमान होतो.

उपाय सोपा आहे. उतारावर अधूनमधून क्लच दाबा आणि हलकी रेस द्या, इंजिनला तेलाचा घोट मिळतो. टू-स्ट्रोकचं इंजिन गाडीला फारसं रोखून धरत नाही, त्यामुळे वेग ब्रेकनंच सांभाळावा लागतो. मात्र ड्रम ब्रेक सतत दाबून ठेवले की तापतात आणि धरेनासे होतात. वळणाआधी नीट दाबून वेग उतरवा, मग पूर्ण सोडा. इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये उतरणारेही आहेत. पेट्रोल वाचवण्यासाठी आपला आणि समोरून येणाऱ्याचा जीव पणाला लावू नका.

घाट चढताना उलटी चूक होते. वरच्या गिअरवर, कमी आरपीएमवर, मागे माणूस आणि मांडीवर पिशवी घेऊन गाडी रेटली जाते. आरएक्स-१०० ची ११ बीएचपी ताकद ७५०० आरपीएमला मिळते, खाली फारसं काही नसतं. इंजिन गुदमरायच्या आधी खालचा गिअर टाका.

आणखी एक गोष्ट आपल्या भागातल्यांनी लक्षात ठेवावी. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच आहे. इथं मायलेजसाठी पेट्रोल अगदी कमी करून घेतलेली गाडी गोव्यात उतरली की तिला दाट हवा मिळते आणि मिश्रण आणखी लीन होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. फरक थोडा असतो, पण आधीच काठावर असलेल्या इंजिनला सपाट रस्त्यावरच्या फुल थ्रॉटलमध्ये तेवढा पुरतो. दोन-चार किलोमीटर जास्त मिळावेत म्हणून मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य छिद्र) लहान करून घेऊ नका.

तेल अंदाजानं ओतणं

तेल आणि पेट्रोलचं प्रमाण १:५० म्हणजे लिटरला २० मिली, १:३३ म्हणजे ३० मिली, १:२५ म्हणजे ४० मिली. आपल्या गाडीच्या पुस्तकात जे प्रमाण असेल ते धरा आणि मापानं ओता. 'थोडं जास्त पडलं तर बरंच' हा समज चुकीचा आहे. प्लग ओला होतो, सायलेन्सर चोंदतो, शिवाय तेल जास्त म्हणजे त्याच जेटमधून पेट्रोल तेवढं कमी, म्हणून मिश्रण लीन होतं. फोर-स्ट्रोकचं इंजिन ऑईल पेट्रोलमध्ये कधीही घालू नका. टू-टी ऑईलच्या (टू-स्ट्रोकसाठीच्या तेलाच्या) डब्यावर जासो या जपानी मानकाचं एफसी किंवा एफडी लिहिलेलं बघून घ्या, त्याचा धूर आणि काजळी कमी असते.

ऑटोल्यूबच्या गाडीत तेलाची टाकी एकदा कोरडी पडली की नळीत हवा शिरते. नुसतं तेल भरून निघालात तर पंप हवाच ढकलत राहतो. पंपाचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत तेल वाहू द्या, आणि तेवढ्या वेळात इंजिन चालवायचं असेल तर पेट्रोलमध्येही तेल मिसळा. थ्रॉटल केबल बदलली तर पंपावरची खूण जुळते का तेही बघा. ही खूण बघायची बऱ्याच ठिकाणी राहून जाते.

पावसाळाभर टाकीत पेट्रोल ठेवणं

आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. हे इथेनॉल उसापासूनही बनतं, आणि ऊस तर आपल्या जिल्ह्याचं मुख्य पीक, त्यामुळे त्याला नावं ठेवायचा माझा हेतू नाही. पण जुन्या टू-स्ट्रोकला त्याचे परिणाम भोगावे लागतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. खानापूर, कणकुंबीकडच्या पावसात दोन-तीन महिने गाडी उभी राहिली आणि पाणी पुरेसं साठलं, की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. टू-टी ऑईल त्या थरात विरघळत नाही, ते वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. पेट्रोल कॉक (टाकीखालचा नळ) तळातूनच घेतो. म्हणजे मिक्स पेट्रोलच्या गाडीला पावसाळ्यानंतरच्या पहिल्या किकला जे मिळतं त्यात तेलच नसतं.

गाडी उभी करायची असेल तर टाकी रिकामी करा, कॉक बंद करून कार्बोरेटरच्या फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोलही काढून टाका. रिकाम्या टाकीला आतून थोडं तेल फिरवा, नाहीतर गंज धरेल. जुने रबरी पाइप, कॉकचं वॉशर, फ्लोटची सुई इथेनॉलमुळे फुगतात किंवा कडक होतात, ती बदलून घ्या.

प्रत्येक दुखण्याला कार्बोरेटर उघडणं

आयडलिंग वरखाली होतंय, थ्रॉटल सोडला तरी रेस खाली यायला वेळ लागतोय, प्लग पांढरा पडलाय. अशा वेळी बहुतेक जण कार्बोरेटरचा एअर स्क्रू फिरवत बसतात. दोष बऱ्याचदा क्रँकच्या ऑईल सीलमध्ये असतो. टू-स्ट्रोकचा क्रँककेस हवाबंद असावा लागतो. मॅग्नेटोच्या (वीज बनवणाऱ्या भागाच्या) बाजूचं सील गेलं की तिथून नुसती हवा आत ओढली जाते, मिश्रण लीन होतं आणि पिस्टन तापतो. क्लचच्या बाजूचं गेलं की गिअर ऑईल ओढलं जातं. मग पांढरा धूर थांबत नाही आणि बाहेर कुठंही गळती नसताना गिअर ऑईल कमी होत जातं. रोज गिअर ऑईल भरून अशी गाडी रेटू नका. कार्बोरेटर आणि सिलिंडरमधल्या रबरी जोडाला चीर गेली आहे का, तेही आधी बघा. आरएक्समध्ये रीड व्हॉल्व्हची (मिश्रण आत घेणाऱ्या झडपेची) पाती तुटली किंवा नीट बसत नसली तरी किक मारून पाय दुखतात आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल उलटं उडतं.

जोरात चालवून लगेच काढलेला प्लग कॉफीच्या रंगाचा असावा. काळा आणि ओला असेल तर तेल किंवा पेट्रोल जास्त, पांढरा असेल तर गाडी थांबवून कारण शोधा.

बोअर करताना (सिलिंडर आतून कापून मोठा करताना) घाई

आपल्याकडे उद्यमबागेत लेथ आणि ग्राइंडिंगचं उत्तम काम होतं, ही बेळगावची मोठी सोय आहे. तिचा फायदा नीट घ्या. नवा पिस्टन आधी विकत घ्या आणि तो घेऊनच बोअरिंगला जा. छापील मापावर बोअर करून मग पिस्टन शोधणं चुकीचं, कारण पिस्टन आणि सिलिंडरमधली गॅप त्याच पिस्टनच्या मापानं ठेवावी लागते. पाव मिलीमीटरनं काम भागत असताना थेट एक मिलीमीटर वाढवू नका, सिलिंडरचं आयुष्य फुकट जातं. बोअर झाल्यावर पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांच्या) कडा धारदार राहतात. त्या हलक्या घासून घेतल्या नाहीत तर रिंग अडकून तुटते. हे काम सांगून, समोर उभं राहून करून घ्या. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे हवा, आणि रिंगची तोंडं खाचेतल्या पिनेवरच बसायला हवीत.

पहिले काही शे किलोमीटर फुल थ्रॉटल नको, एकाच वेगानं लांब पळवणंही नको. सकाळी गाडी सुरू केल्याबरोबर रेस देणं तर कायमचंच टाळा. पिस्टन लवकर तापून फुगतो, सिलिंडर अजून गार असतो, आणि चारही बाजूंनी पिस्टन घासतो.

सायलेन्सर

आवाजासाठी आतली नळी काढून टाकू नका. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर इंजिनच्या ताकदीचा भाग आहे, त्याच्या आकारावर सगळं जमवलेलं असतं. शिवाय पोलिसांचा दंड वेगळा. नळी काढून काजळी साफ करा आणि परत बसवा. येझदीला एकाच सिलिंडरला दोन सायलेन्सर आहेत, दोन्ही साफ करा. कॉस्टिक सोडा वापरत असाल तर हातमोजे, चष्मा घाला आणि ॲल्युमिनियमचा कुठलाही भाग त्यात बुडवू नका.

चालता चालता इंजिन धरलं तर

आवाज जड होतो, ताकद अचानक पडते, मागून कुणीतरी ओढल्यासारखं वाटतं. त्याच क्षणी क्लच दाबा, नाहीतर मागचं चाक लॉक होईल. कडेला घ्या आणि पूर्ण गार होऊ द्या. गार झाल्यावर किक सुटली, गाडी सुरूही झाली, तरी तशीच घरी नेऊ नका. सिलिंडर उघडून ओरखडे बघितल्याशिवाय पुढचे किलोमीटर चालवणं म्हणजे क्रँकचा खर्च ओढवून घेणं.

चंदगड, गडहिंग्लजकडची एमएच ०९ ची (कोल्हापूर नोंदणीची) गाडी घेणाऱ्यांनी एवढं करावं : पैसे द्यायच्या आधी चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघा, पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण झालंय का विचारा, आणि तिकडच्या आरटीओची एनओसी हातात घ्या. कर्नाटकात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर इथं नोंदणी करावीच लागते.