पाय सुजलेत? आधी अंगठ्यानं दाबून बघा

मागच्या उन्हाळ्यात आईची जोडवी बोटात रुतायला लागली. संध्याकाळी बेदाणा शेडवरनं आली की घोट्यापाशी पाय गुबगुबीत, चपलेच्या पट्ट्याचा वळ तासभर जायचा नाही. आम्ही सगळे म्हणलो दिवसभर मांडी घालून बेदाणा निवडते, वय झालंय, होणारच. गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवले, तेल चोळलं, मेडिकलमधनं दुखायची गोळी आणून दिली आणि सूज आणखीच वाढली. शेवटी मिरजेला नेलं तर डॉक्टरांनी पाय बघायच्या आधी विचारलं, गोळ्या कुठल्या चालू आहेत, पाकिटं दाखवा. दोन महिन्यांपूर्वी तिची बीपीची अॅम्लोडिपिन 5 वरनं 10 केली होती, आणि त्या गोळीनं पाय सुजणं एकदम कॉमन आहे. त्यात आम्ही दिलेली दुखायची गोळी, ती शरीरात मीठ-पाणी धरून ठेवते आणि बीपी पण वाढवते. डॉक्टरांनी गोळी बदलली, दोन-तीन आठवड्यांत जोडवी परत सैल झाली. म्हणून हे सविस्तर लिहितोय, आमच्यासारखा महिना कुणाचा जाऊ नये.

तर पहिलं काम म्हणजे नडगीच्या हाडावर, घोट्याच्या जरा वर, अंगठ्यानं दाबायचं, मनात दहापर्यंत आकडे मोजायचे आणि सोडायचं. खळगा पडून तसाच राहिला तर आत पाणी साठलंय. सूज आहे पण खळगाच पडत नाही, सोबत थकवा, थंडी सहन होत नाही, केस गळतात, वजन वाढतंय, तर थायरॉईडची टेस्ट करून घ्यायची.

दुसरं, सूज एका पायाला आहे का दोन्ही, हे सगळ्यात महत्त्वाचं. एकच पोटरी अचानक सुजली, दुखतेय, गरम लागतेय, आणि त्याआधी ऑपरेशन झालंय, प्लास्टर होतं किंवा माणूस बरेच दिवस अंथरुणाला खिळून होता, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. तिथं चोळायचं नाही, मालिश नाही, शेकायचं पण नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, डॉपलर नावाची सोनोग्राफी करतात त्यात कळतं. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं, म्हणून पाय सुजलेल्या माणसाला अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट 108 ला फोन करा. एकच पाय लालभडक झालाय आणि ताप आलाय तर बहुतेक इन्फेक्शन असतं, उसाच्या चिखलात अनवाणी काम करणाऱ्यांना बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्यांमधनं हे शिरतं, आणि शुगर असेल तर एक दिवस पण थांबू नका.

दोन्ही पाय सुजत असतील तर मग बाकी खुणा बघायच्या. सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज, लघवीला फेस, तर किडनीकडं बघायला पाहिजे. संध्याकाळी पाय भरतात, जिना चढताना दम लागतो, रात्री आडवं झालं की घुसमटतं म्हणून दोन-तीन उशा घ्याव्या लागतात, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोनं वाढलं, तर हृदय. पोट पण फुगलंय, डोळे पिवळे, तर लिव्हर. रक्त फार कमी असलं तरी सूज येते. गरोदर बाईचे पाय शेवटच्या महिन्यांत थोडे सुजतातच, पण पाचव्या महिन्यानंतर हात आणि तोंड अचानक सुजलं, डोकं ठणकतंय, डोळ्यापुढं अंधारी येतेय, तर डोहाळजेवण-बिवण बाजूला ठेवा आणि लगेच बीपी आणि लघवी तपासा, यात आईच्या आणि बाळाच्या दोघांच्या जिवाला धोका असतो.

हातांचं थोडं वेगळं असतं. माऊलींच्या पालखीबरोबर लोणंद-फलटणच्या वाटेवर चालताना बोटं सुजतात, अंगठी फिरत नाही, ते हात खाली लोंबत राहिल्यानं आणि उन्हानं, मधनंमधनं हात वर करून मुठी उघडझाप केल्या की उतरतं. पण सकाळी बोटांचे सांधे सुजून तासभर आखडलेले राहत असतील तर तो संधिवात असू शकतो. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बाईचा त्या बाजूचा हात जड वाटायला लागला तर घट्ट बांगड्या काढून लगेच डॉक्टरांना दाखवायचं. आणि हात सुजतोय असं वाटलं की अंगठी आधी काढून ठेवा, अडकली तर हात वर धरून गार पाणी आणि साबण लावून हळूहळू फिरवत काढायची.

घरी काय करायचं तर पाय नुसते खुर्चीवर ठेवून फारसं भागत नाही, आडवं होऊन वाकळेच्या दोन-तीन घड्या पायाखाली घ्यायच्या म्हणजे पाय छातीच्या वर येतात, पंधरा-वीस मिनिटं, दिवसातनं तीन वेळा. आडवं झाल्यावर दम लागत असेल त्यांनी मात्र हे करू नका. शेडवर बसून काम असेल तर तासाला उठून चार पावलं चाला, बसल्याबसल्या पाऊल वर-खाली करा, पोटरीच्या पंपानंच रक्त वर चढतं. मीठ दिवसाला 5 ग्रॅम म्हणजे सपाट एक लहान चमचा, त्यात भाजी, भाकरी, ठेचा सगळं आलं. लोणचं, पापड, खारी मिरची, आणि आपलं सांगलीचं भडंग, यातच अर्धा हिशोब संपतो. सैंधवानं पण तेच होतं, तेही मीठच. आणि ते कमी सोडियमवालं मीठ किडनीच्या पेशंटला विचारल्याशिवाय देऊ नका, त्यात पोटॅशियम असतं.

लघवीची गोळी शेजारणीला लागू पडली म्हणून स्वतः घ्यायची नाही, क्षार बिघडतात. आणि बीपीची गोळी सूज येतेय म्हणून आपल्या मनानं बंद पण करायची नाही, बदलून मागायची. घट्ट मोजे मिळतात ते चांगले असतात पण पाय गार पडणाऱ्यांनी आणि शुगरवाल्यांनी विचारूनच घालायचे, आणि घालायचे ते सकाळी अंथरुणातनं उठायच्या आधी, सूज चढायच्या आत.

दवाखान्यात जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका, आयुर्वेदिक असली तरी. आणि रात्री झोपताना पायाचा फोटो काढून ठेवा, कारण सकाळी दहाच्या ओपीडीला जाईपर्यंत सूज उतरलेली असते आणि डॉक्टरला दाखवायला काहीच राहत नाही, आईच्या वेळी मोबाईलमधला तो वळाचा फोटोच कामाला आला.