माइनक्राफ्टमध्ये पाच मजली जपानी पॅगोडा कसा बांधायचा

माइनक्राफ्ट या ब्लॉक रचायच्या व्हिडिओ गेममध्ये पॅगोडा (एकावर एक छपरं असलेला बौद्ध मंदिराचा मनोरा) करायला घेतला की बहुतेक जण आधी भिंती उभ्या करतात आणि मग त्यांवर छपरं बसवतात. मीही तसंच केलं होतं. प्रत्येक मजल्याला ५ ब्लॉकची भिंत दिली, सगळं नीट जुळलं, पण लांबून पाहिलं तर नुसतीच एक उंच इमारत दिसत होती. मग नारा प्रांतातल्या होर्यू-जी मंदिराच्या पॅगोड्याचे फोटो समोर ठेवले आणि चूक ध्यानात आली. तिथे मान छपरांचा आहे. वरच्या मजल्यांच्या भिंती छपरांच्या सावलीत जेमतेम डोकावतात. त्या मजल्यांवर राहायचं नसतं, माणसं चढून जायचीही नसतात, मग उंच भिंती हव्यात कशाला?

खेळात १ ब्लॉक म्हणजे १ मीटर. होर्यू-जीचा पॅगोडा साधारण ३२ मीटर उंच आहे, क्योतोतल्या तो-जी मंदिराचा साधारण ५५. आपण ४८ ब्लॉकचा बांधू. क्रिएटिव्ह मोडमध्ये (जिथे हवे तेवढे ब्लॉक आयते मिळतात) केलंत तर एका सुट्टीच्या दिवसात होतो.

आधी मधला खांब

खऱ्या पॅगोड्याच्या मधोमध तळापासून कळसापर्यंत एक खांब असतो. होर्यू-जीतल्या या खांबाच्या लाकडाची वर्तुळं मोजली, तेव्हा ते झाड इसवी सन ५९४ मध्ये तोडलेलं निघालं. खेळात या खांबावाचून काही कोसळत नाही. तरी सुरुवात त्यानेच करा, कारण तीच तुमची मोजपट्टी. सपाट जागेवर स्ट्रिप्ड स्प्रूस लॉगचे (साल काढलेल्या स्प्रूसच्या ओंडक्यांचे) ३७ ब्लॉक सरळ वर चढवा. इथून पुढे प्रत्येक माप या खांबापासून दोन्हीकडे सारखं मोजायचं. म्हणून सगळ्या रुंद्या विषम ठेवल्या आहेत.

चौथरा आणि पहिला मजला

स्टोन ब्रिकचा १९ बाय १९ चा, २ थरांचा चौथरा घाला. छप्पर २१ रुंद होणार आहे, त्यामुळे पागोळ्या चौथऱ्याबाहेर पडतील. चारही बाजूंना मधोमध पायऱ्या द्या.

त्यावर १५ बाय १५ ची भिंत, ५ थर. एका बाजूचे १५ ब्लॉक असे वाटा: खांब, ३ ब्लॉक भिंत, खांब, ५ ब्लॉक, खांब, ३ ब्लॉक, खांब. मधल्या मोठ्या गाळ्यात (दोन खांबांमधल्या भागात) दार. खांबांना स्ट्रिप्ड डार्क ओक, भिंतीला पांढरं काँक्रीट.

छप्पर

इथे घाई करू नका. एक छप्पर मनासारखं जमलं की बाकीची आपोआप जमतात. त्यासाठी डीपस्लेट टाइलचे स्लॅब (अर्ध्या उंचीचे ब्लॉक) आणि स्टेअर्स (पायरीच्या आकाराचे ब्लॉक) घ्या. कौलांचा काळपट राखाडी रंग त्यात चांगला उतरतो.

जमिनीपासून मोजलं तर आता आपण ८व्या थरावर आहोत. बाहेरच्या कडेला २१ बाय २१ चं रिंगण करा, स्लॅब ब्लॉकच्या खालच्या अर्ध्यात. त्याच थरावर आतलं १९ चं रिंगण, पण स्लॅब वरच्या अर्ध्यात. ९व्या थरावर १७ चं रिंगण स्टेअर्सचं, १०व्यावर १५ चं, तेही स्टेअर्सचं. भिंत आतून ९व्या थरापर्यंत चढवून घ्या. कडेला मंद उतार आणि भिंतीजवळ चढा, अशी जपानी छपराची वळणदार रेघ तयार होते. सगळ्याच स्टेअर्स वापरल्या तर साधं कौलारू घर दिसतं.

कोपरे किंचित उचला. कोपऱ्याच्या दोन्ही अंगांचे दोन-दोन स्लॅब अर्धा ब्लॉक वर घ्या आणि खुद्द कोपऱ्यातला आणखी अर्धा. तेवढंच पुरे. याहून जास्त वळवले की दक्षिण चीनमधल्या छपरांचा भास होतो.

आता छपराखाली उभे राहून वर पाहा. भिंत आणि कड यांच्यात पोकळी दिसेल. खऱ्या पॅगोड्यात इथे एकावर एक रचलेले लाकडी हात छप्पर पेलतात. त्यासाठी ७व्या थरावर प्रत्येक खांबाच्या डोक्याशी, भिंतीच्या बाहेरून, डार्क ओकची एक उलटी स्टेअर लावा. ८व्या थरावर तशाच उलट्या स्टेअर्सचं पूर्ण रिंगण फिरवा. एवढ्याने छप्पर अधांतरी वाटायचं थांबतं.

वरचे मजले

भिंती अनुक्रमे १३, ११, ९ आणि ७ रुंद, उंची फक्त ३. छपरं १९, १७, १५ आणि १३ रुंद, रचना तीच. पाचवा मजला पहिल्याच्या जेमतेम निम्मा होतो. होर्यू-जीचं प्रमाणही हेच आहे. तिथे खालच्या चार मजल्यांना प्रत्येक बाजूला तीन गाळे आहेत आणि पाचव्याला दोनच. तुम्हीही ७ च्या भिंतीत तीनच खांब द्या. शेवटचं छप्पर मात्र मध्ये न थांबवता स्टेअर्सच्या रिंगणांनी मधल्या खांबापर्यंत मिटवत न्या.

कळस

जपानी पॅगोड्याच्या कळसावर नऊ कडी असतात. त्यांचं मूळ आपल्याकडच्या स्तूपावरच्या छत्रांत आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात स्तूपावरचं लाकडी छत्र आजही पाहायला मिळतं. खेळात ही कडी करायला लाइटनिंग रॉडसारखी (वीज स्वतःवर घेणाऱ्या तांब्याच्या दांड्यासारखी) दुसरी वस्तू नाही. खांबाच्या डोक्यावर सोन्याचे २ ब्लॉक ठेवा आणि त्यावर ९ रॉड एकावर एक चढवा. प्रत्येक रॉडचं वरचं टोक जाड असतं, त्यामुळे रचल्यावर ती हुबेहूब कड्यांसारखी दिसतात. सर्व्हायव्हल मोडमध्ये (जिथे सामान स्वतः गोळा करावं लागतं) यासाठी तांब्याच्या २७ विटा (कॉपर इंगट) लागतील.

रॉड नुसते शोभेचे नाहीत. तो-जीचा पॅगोडा चार वेळा जळाला. आजचा पाचवा, १६४४ सालचा. खेळातली वीजही लाकूड पेटवते, पण रॉड असला की ती रॉडवर उतरते आणि खाली सोनं व डीपस्लेट असल्याने आग लागायला काही सापडत नाही.

शेवटी छपरांच्या वीस कोपऱ्यांखाली एकेक लँटर्न टांगा. खऱ्या पॅगोड्यात तिथे वाऱ्यावर वाजणाऱ्या घंटा असतात.