मूल नववी-दहावीत असताना मेरिलँडला आलात तर

आमच्या जर्मनटाउन-क्लार्क्सबर्ग भागात दर उन्हाळ्यात दोन-चार नवीन मराठी घरं येतात. मूल हायस्कूलच्या वयाचं असेल तर आईबाबांचा पहिला प्रश्न ठरलेला: गणित कुठल्या लेव्हलचं मिळेल? गणिताचं होऊन जातं हो. डबा खायला कुणाबरोबर बसायचं, हे मात्र कुणी विचारत नाही, आणि पहिले काही महिने पोराला छळतं ते तेच.

आपल्याकडे वर्ग एका जागी बसतो आणि शिक्षक बदलतात. आठवीचा बाकावरचा मित्र दहावीपर्यंत टिकतो. इथे प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं, दर तासाला खोली वेगळी, आजूबाजूची तोंडंही वेगळी. तासाला शेजारी बसलेल्याशी ‘हाय’च्या पुढे गाडी जात नाही. ओळखी होतात त्या शाळा सुटल्यावर. बँड, खेळ, नाटक, क्लब यांतलं काही नसेल तर मूल बसने घरी येतं आणि पुण्याच्या मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडून राहतं.

म्हणून शाळा सुरू झाल्यावर क्लबची माहिती देतात तेव्हा त्याला जायला लावा. रोबोटिक्स आणि मॉडेल यूएन आपल्या मंडळींना आधीपासून माहीत असतात. मी त्यात दोन नावं घालीन. एक की क्लब: किवानिस या समाजसेवी संस्थेचा विद्यार्थी क्लब, 1925 साली कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोत सुरू झालेला. त्याचं कामच समाजसेवा, त्यामुळे आत शिरायला काही येत असावं लागत नाही. दुसरं म्हणजे नाटकाची स्टेज क्रू. ऑडिशनची भानगड नसते. सेट रंगवायचे, खिळे ठोकायचे, दिवे ओढायचे. इंग्रजी बोलायची भीड असलेल्या मुलाला यापेक्षा बरी जागा मला तरी माहीत नाही. पहिल्या वर्षी दोन क्लब पुरेत. आणि कृपा करून ‘प्रेसिडेंट कधी होणार’ हे जेवणाच्या टेबलावर काढू नका.

प्रत्येक क्लबला एक शिक्षक स्पॉन्सर असतो आणि प्रत्येक क्लबला पैसे हवे असतात. स्पर्धेची फी, बसचं भाडं, टी-शर्ट. मग फंडरेझिंग. चॉकलेटचा खोका घरी येतो, शनिवारी कार वॉश असतो, किंवा एखाद्या रेस्टॉरंटशी ठरवून त्या संध्याकाळच्या विक्रीतला काही हिस्सा क्लबला मिळतो. इथे आपण देशी पालक हमखास एक गोष्ट करतो: अख्खा खोका स्वतःच विकत घेतो, किंवा बाबा तो ऑफिसात नेऊन खपवतात. पैसे जमतात, पण पोरगं घरातच राहतं. तीन वर्गमित्रांबरोबर पार्किंगमध्ये भिजत, फडकं पिळत जे दोन तास जातात, त्यातून सोमवारी डब्याच्या वेळी हाक मारणारं कुणीतरी मिळतं. फार तर एक चॉकलेट घ्या. बाकीची त्याला विकू द्या, नाही खपली तर नाही.

खाण्याच्या विक्रीत दोन गोष्टी सांभाळा. 2014 पासून केंद्राच्या पोषण नियमांनुसार शाळेच्या दिवसात, म्हणजे मध्यरात्रीपासून शाळा सुटल्यानंतर अर्ध्या तासापर्यंत, आवारात विकायच्या पदार्थांवर साखर, मीठ आणि कॅलरींची मर्यादा आहे. म्हणून बेक सेल बहुतेक संध्याकाळी, सामन्याला किंवा नाटकाच्या मध्यंतरात दिसतात. दुसरी गोष्ट अ‍ॅलर्जीची. शेंगदाण्याचे लाडू, चिक्की, काजूकतली घरीच ठेवा. घरचे पदार्थ चालतात का हे आधी स्पॉन्सरला विचारायचं. चालत असतील तर नानकटाई छान, पण डब्यावर घटकांची यादी चिकटवूनच. जमलेली रोकड त्याच दिवशी स्पॉन्सरच्या हाती द्यायची. ‘सध्या माझ्या खात्यात राहू दे’ हे इथे अजिबात खपत नाही.

आता तासांबद्दल. समाजसेवेचे तास (एसएसएल, म्हणजे स्टुडंट सर्व्हिस लर्निंग) हायस्कूलच्या डिप्लोमासाठी सक्तीचे करणारं मेरिलँड हे पहिलं राज्य, 1997 च्या तुकडीपासून. आमच्या माँटगोमरी काउंटीत 75 तास लागतात आणि सहावीच्या आधीच्या उन्हाळ्यापासून मोजणी सुरू होते. घाबरू नका: उशिरा दाखल झालेल्यांना इयत्तेप्रमाणे तास कमी लागतात. नेमका आकडा शाळेच्या एसएसएल समन्वयकाकडून पहिल्याच आठवड्यात घ्या, आणि फॉर्म भरायच्या तारखाही.

तास धरतात ते मान्य ना-नफा संस्थेचे, आणि सही तिथल्या देखरेख करणाऱ्याची लागते. आई-बाबांची चालत नाही, भले तुम्ही मंडळाचे खजिनदार असा. मराठी मंडळाच्या किंवा देवळाच्या कार्यक्रमात खुर्च्या मांडणं, पार्किंग सांभाळणं कदाचित धरतील. पूजेची तयारी, आरती, प्रसाद नाही, कारण काम धर्मनिरपेक्ष असावं लागतं. काम करायच्या आधी विचारा, नंतर नाही. मॅना फूड सेंटर (गरजूंना अन्न पुरवणारी संस्था), वाचनालयं इथेही कामं निघतात. माझा आग्रह इतकाच की सगळे तास आपल्याच लोकांत उरकू नका. मंडळात त्याला सगळे ओळखतातच.

मूल एच-4 वर, म्हणजे एच-1बी वाल्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, असेल तर एक पक्कं ध्यानात ठेवा. विनामोबदला खरी सेवा चालते, पगाराची नोकरी चालत नाही. मित्र उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात लागतील आणि तुमचं मूल लागू शकणार नाही. हे त्याला आधीच समजावून सांगा, नाहीतर दोष तुमच्यावर येतो.

राहिलं नाचगाणं. शरद ऋतूत होमकमिंग, म्हणजे शाळेचा वार्षिक उत्सव: आधी आठवडाभर स्पिरिट वीक, एक दिवस पायजमा घालून शाळेत जायचं वगैरे, मग अमेरिकन फुटबॉलचा सामना आणि डान्स. प्रॉम, म्हणजे नटूनथटून जायचा मोठा डान्स, वसंतात, बहुतेक ज्युनियर-सीनियरांसाठी (अकरावी-बारावी). जोडी जमवूनच जावं लागतं असं नाही, पुष्कळ मुलं घोळक्याने जातात. कपड्यांवर फार खर्च करू नका, साडी नेसून गेलेल्या मुलीही मी पाहिल्यात आणि त्यांचे फोटो सगळ्यात जास्त निघाले. ‘कोणाबरोबर, कुठे, कधी परत’ एवढं विचारायचा हक्क आहेच.

येण्याजाण्याचं मात्र तुम्हालाच बघावं लागेल. इथे प्रोव्हिजनल लायसन्स साडेसोळाव्या वर्षी मिळतं, आणि त्यानंतर पहिले पाच महिने घरचे सोडून अठराखालच्या कुणाला गाडीत घेता येत नाही. मध्यरात्रीनंतर पहाटे पाचपर्यंत अठराखालच्याने एकट्याने गाडी चालवायची नाही. तेव्हा ‘मित्र सोडेल’ म्हणाला तर मित्राचं वय आणि लायसन्सची तारीख विचारा, नाहीतर स्वतः गाडी घेऊन पार्किंगमध्ये थांबा. फक्त उतरून डान्स चालू असलेल्या जिमच्या दारापर्यंत जाऊ नका.