नवं सत्र सुरू होतंय? वेळापत्रक, वह्या आणि छंदांच्या बाबतीत या चुका टाळा

सत्र सुरू व्हायच्या आदल्या रात्री वेळापत्रक आखलं जातं. रंगीत पेनांनी चौकटी होतात, पहाटे पाचला उठायचं ठरतं, रोज सहा तास अभ्यास आणि रात्री अर्धा तास गिटार. पहिला आठवडा जोशात जातो. दुसऱ्यात एक प्रात्यक्षिक लांबतं, एक जर्नल राहतं. तिसऱ्या आठवड्यात तो कागद भिंतीवर असतो, पण त्याकडे कोणी बघत नाही. यात विद्यार्थ्याच्या इच्छाशक्तीचा दोष शोधला जातो, तो चुकीचा आहे. दोष बहुतेक वेळा मोजणीचा असतो.

तास न मोजता केलेलं वेळापत्रक

आठवड्याचे तास 168. रोज आठ तास झोप धरली तर 56 गेले, उरले 112. वर्ग आणि प्रात्यक्षिकं मिळून 30 तास, सहा दिवस रोज दीड तास जाण्यायेण्याचा म्हणजे 9, आणि जेवण, अंघोळ, कपडे, खोलीची आवराआवर यांचे रोज तीन धरून 21. हे 60 वजा केले की 52 तास हातात दिसतात. दिसतात, एवढंच. त्यांतले पंधरा-सतरा तास तुकड्यातुकड्यांचे असतात: दोन तासिकांमधली वीस मिनिटं, जेवणाआधीची पंचवीस मिनिटं. या तुकड्यांत शब्दार्थ पाठ होतील, सूत्रं चाळून होतील, पण गणिताचं नवं प्रकरण बसणार नाही. म्हणजे सलग बसता येईल असा वेळ साधारण 35 तास. त्यात स्वतःचा अभ्यास 22, छंद 4 आणि 9 तास कशालाच न दिलेले, असा हिशेब ठेवला तर तो निभावतो. तुमचे आकडे वेगळे येतील, पण वजाबाकी याच क्रमाने करा.

ते 9 मोकळे तास भरून टाकायचा मोह सगळ्यांत घातक. कोणतं काम किती वेळात होईल याचा आपला अंदाज नेहमी कमी पडतो. डॅनिएल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच या प्रवृत्तीला नाव दिलं होतं, आणि पुढच्या अभ्यासांतही विद्यार्थी आपली लेखी कामं स्वतः सांगितलेल्या मुदतीनंतरच संपवताना दिसले. त्यामुळे एखाद्या असाइनमेंटला दोन तास लागतील असं वाटलं तर वेळापत्रकात तीन लिहा. मोकळी जागा ठेवलीच नाही, तर सोमवारचं लांबलेलं काम मंगळवार खातं, मंगळवार बुधवारला ढकलतो, आणि शुक्रवारपर्यंत अख्खा आठवडा घसरलेला असतो.

आणखी एक: पक्कं वेळापत्रक पहिल्या दिवशी करूच नका. पहिला आठवडा फक्त नोंद ठेवा, कोणत्या वेळी काय केलं एवढीच. कोणते शिक्षक तास लांबवतात, प्रयोगशाळेतून खरोखर किती वाजता सुटका होते, दुपारी डोकं चालतं की नाही, हे आठ दिवसांत कळतं. त्यानंतरच चौकटी आखा.

वह्या: लिहिण्यात जाणारा वेळ आणि लक्षात न राहणारा मजकूर

सगळ्या विषयांची एकच जाड वही करणं ही पहिली चूक. महिन्याभराने एकाच विषयाची पानं चार ठिकाणी सापडतात. विषयाला एक वही, सुरुवातीची दोन पानं अनुक्रमणिकेसाठी कोरी, प्रत्येक पानाला क्रमांक आणि तारीख. दर शनिवारी पाच मिनिटं काढून अनुक्रमणिका भरली की परीक्षेच्या आठवड्यात शोधाशोध वाचते. सुट्या कागदांची फाइल ठेवत असाल तर कागद त्याच दिवशी लावा. पिशवीच्या तळाशी गेलेला कागद सहसा परत येत नाही.

त्याहून मोठी चूक म्हणजे संध्याकाळी बसून नोट्स फेअर करणं. सुवाच्य अक्षर, दोन रंगांची शाई, मथळ्यांखाली रेघा, आणि दीड तास गेला. अभ्यास झाल्यासारखं वाटतं. पण डोळ्यांसमोरचं उतरवून काढताना आठवावं काहीच लागत नाही, आणि आठवण्याच्या प्रयत्नानेच माहिती पक्की होते. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली केलेले प्रयोग इथे बोलके आहेत. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे गेले. फेअर केल्यावर येणारं समाधान हे त्या पहिल्या पाच मिनिटांतलं असतं.

यासाठी पान आखायची कॉर्नेल पद्धत सोयीची आहे. डावीकडे सुमारे 6 सेंटिमीटरचा पट्टा, खाली सुमारे 5 सेंटिमीटरची पट्टी, उरलेल्या भागात वर्गातला मजकूर. वर्गात डावा पट्टा कोराच ठेवायचा. त्याच दिवशी संध्याकाळी प्रत्येक परिच्छेदासमोर एक प्रश्न लिहायचा. 'ऑस्मोसिस' असा नुसता शब्द नको, 'मिठाच्या द्रावणात पेशी का आक्रसते?' असा प्रश्न. खालच्या पट्टीत पानाचं सार दोन वाक्यांत, न बघता. हे काम एका तासिकेसाठी दहा मिनिटांचं आहे. पुढे उजळणी म्हणजे उजवा भाग झाकून डावीकडच्या प्रश्नांची उत्तरं देणं: दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग दहा-बारा दिवसांनी, मग महिन्याने. जो प्रश्न अडला त्याच्यासमोर टिंब द्या. पुढच्या वेळी टिंबवाले प्रश्न आधी.

डाव्या पट्ट्यात प्रश्नच सुचत नसेल, तर तो भाग वर्गात कळलेला नाही असं समजा आणि दुसऱ्याच दिवशी विचारा. हायलायटरचंही तसंच. पान अर्ध्याहून जास्त पिवळं झालं असेल तर काहीच निवडलं गेलेलं नाही.

छंदाला 'वेळ उरला तर' म्हणणं

वेळ उरत नाही. म्हणून वेळापत्रक आखतानाच छंद त्यात हवा, ठरलेल्या वाराला, ठरलेल्या वेळी आणि शक्यतो एखाद्या रोजच्या कामाच्या पाठीला जोडून. 'रोज थोडी चित्रं काढेन' यापेक्षा 'मंगळवारी आणि शुक्रवारी जेवण झाल्यावर टेबलाशी बसून 40 मिनिटं रंगवेन' हे जास्त टिकतं, कारण कधी आणि कुठे हा निर्णय रोज नव्याने घ्यावा लागत नाही. आम्ही छंदाला अभ्यासानंतरचं बक्षीस मानत नाही. दिवसभर दुसऱ्यांनी ठरवलेलं शिकल्यावर स्वतः निवडलेलं काहीतरी हातांनी करणं ही विद्यार्थ्याची गरज आहे, आणि परीक्षा जवळ आली की पहिली कात्री तिलाच लागते. परीक्षेच्या आठवड्यात 40 मिनिटांची 15 करा, पण शून्य करू नका. शून्यावरून परत सुरू करणं फार जड जातं.

एका सत्रात नवा छंद एकच घ्या. आणि सामान कपाटात बंद ठेवू नका. पेटीतून काढायचं, जुळवायचं, मांडायचं यात दहा मिनिटं जात असतील तर थकलेल्या दिवशी ते होणारच नाही. गिटार स्टँडवर, रंगवही टेबलावर, बुटांचे मोजे बुटांतच.

विद्यार्थी जिथे हमखास अडतात अशा काही जागा पाहू.

गिटारची तार दाबल्यावर खरखर येत असेल तर नवशिका जोर वाढवतो आणि बोटं दुखवून घेतो. बहुतेक वेळा बोट जागेवर नसतं. ते दोन पट्ट्यांच्या मधोमध न ठेवता, पुढच्या म्हणजे साउंडहोलकडच्या (गिटारच्या पोटावरच्या गोल भोकाकडच्या) धातूच्या पट्टीला खेटून, पण तिच्यावर न चढता ठेवा. तिथे कमी दाबातही स्वर स्वच्छ येतो. बोटांच्या टोकांना घट्टे पडायला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं वाजवा, एकदम तासभर नको. अंघोळीनंतर लगेच, कातडी मऊ असताना वाजवलं तर घट्टे सोलवटतात. नव्या तारा पहिले काही दिवस वारंवार उतरतात, त्याला वाद्य खराब म्हणू नका. प्रत्येक तार हलकेच ओढून ताणा, पुन्हा सुरात लावा, असं तीन-चार वेळा केलं की ती स्थिर होते.

जलरंगात कागद वळतो आणि पाणी खोलगट जागी साचतं, कारण कागद पातळ असतो. ओले झालेले तंतू फुगतात आणि कोरड्या भागाशी त्यांचा मेळ राहत नाही. 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, जाड) कागद घ्या, चारही बाजू मास्किंग टेपने फळीला चिकटवा आणि पूर्ण सुकेपर्यंत टेप काढू नका. रंग मळकट होत असतील तर एका मिश्रणात तीनहून जास्त रंग गेलेत का बघा, आणि खालचा थर वाळलाय का ते हाताच्या पाठीने तपासा. गार लागला तर अजून ओला आहे. सपाट रंगात फुलकोबीसारखे डाग उठतात ते अर्धवट सुकलेल्या थरावर जास्त ओला कुंचला लावल्याने. चकाकी गेली पण ओल आहे, अशा वेळी कागदाला हात लावू नका. दोन टोकं सुरक्षित: पूर्ण ओलं किंवा पूर्ण कोरडं.

सुट्टीभर पडून राहिलेलं शाईपेन सत्राच्या पहिल्या दिवशी चालत नाही. ते झटकू नका, निब कागदावर दाबू नका. पाती फाकली तर परत जुळवणं अवघड. शाईची टाकी काढून निबचा भाग साध्या किंवा कोमट पाण्यात रात्रभर ठेवा. गरम पाणी आणि स्पिरिट टाळा, प्लास्टिकचे भाग बिघडतात. सकाळी कन्व्हर्टर (शाई ओढून घेणारी छोटी नळी) लावून पाणी ओढा-सोडा, स्वच्छ पाणी येईपर्यंत. मग टिपकागदात निब खाली करून दोन-तीन तास उभं ठेवा आणि नंतरच शाई भरा. ओलं असतानाच भरली तर शाई फिकी उतरते आणि दोष शाईला दिला जातो. पुढच्या सुट्टीआधी पेन रिकामं करून धुऊन ठेवा.

रोजनिशीची अडचण वेगळी आहे. पहिल्या दिवशी चार पानं, पाचव्या दिवशी कोरं पान, मग अपराधीपणा, मग वही बंद. दिवसाचा अख्खा वृत्तांत लिहायला घेतल्याने हे होतं. तीन ओळी पुरे: आज डोळ्यांत भरलेली एक गोष्ट, डोक्यात घोळत राहिलेला एक प्रश्न, उद्याचं एक काम. राहिलेल्या दिवसांची भरपाई करत बसू नका, आजच्या तारखेपासून लिहा. सत्राच्या सुरुवातीला मनात बरंच काही चाललेलं असतं, नवी माणसं, निवडलेला विषय बरोबर होता का ही शंका, घरापासूनचं अंतर. ते कागदावर एका वाक्यात आलं तरी त्याचा भार कमी वाटतो.

झोपेचं घड्याळ एका रात्रीत फिरवणं

सुट्टीत दोनला झोपणारा माणूस सत्राच्या आदल्या रात्री दहाला आडवा होतो आणि एकपर्यंत छताकडे बघत राहतो. शरीराचं घड्याळ इतक्या उड्या मारत नाही. किमान दहा दिवस आधीपासून उठण्याची वेळ रोज पंधरा-वीस मिनिटं अलीकडे आणा. झोपण्याची वेळ मागोमाग येते. उठल्यावर अर्ध्या तासात बाहेरच्या उजेडात जा, कारण हे घड्याळ मुख्यतः प्रकाशावर लागतं. सुट्टीच्या दिवशी तासाभराहून जास्त उशिरा उठलात तर आठवड्याची कमाई जाते. कॅफीनचं शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात, म्हणून संध्याकाळी सहाला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं रात्री अकराला अंगात असू शकतं. 13 ते 18 वयाला आठ ते दहा तास, त्यापुढे किमान सात तास झोप लागते. वेळापत्रकात कापाकापी करायची वेळ आली तर यातून करू नका.

आडवं झाल्यावर उद्याची कामं आठवत राहत असतील तर दिवा मालवण्याआधी पाच मिनिटं ती लिहून काढा. 2018 मध्ये अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातल्या एका प्रयोगात, पुढची कामं लिहिणाऱ्यांना झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागली, आणि यादी जितकी नेमकी तितकी लवकर.

घडी विस्कटल्यावर सगळं पहिल्यापासून सुरू करणं

ताप येतो, घरी जावं लागतं, एखादी स्पर्धा येते. आठ-दहा दिवसांचा अभ्यास मागे पडतो. अशा वेळी बहुतेक जण राहिलेल्या पहिल्या पानापासून सुरुवात करतात. चार दिवस त्यात जातात, तोवर वर्ग चार दिवस पुढे गेलेला असतो, म्हणजे मागे पडलेलं अंतर तेवढंच राहतं. क्रम उलटा ठेवा. आजच्या तासिकांचं काम आजच संपवायचं आणि त्यानंतर मागच्यासाठी रोज 45 मिनिटं. मागच्यातही आधी तो भाग घ्या ज्यावाचून आजचं कळत नाही. बाकीची यादी करून मोकळ्या तासांत टाका. त्या 9 तासांचा उपयोग इथे होतो.

आणि एक दिवस चुकला म्हणून सवय मोडली असं धरू नका. लंडनमधल्या संशोधकांनी 96 जणांवर केलेल्या एका अभ्यासात, नवी सवय अंगवळणी पडायला मध्यक 66 दिवस लागले, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त. कोणाला 18 दिवसांत जमण्याचा अंदाज निघाला, कोणाला 254. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नव्हता. चौकटी आखल्यापासून तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे सुमारे विसाव्या दिवशी, वेळापत्रक जड वाटणं त्यामुळे अगदी अपेक्षित आहे.

त्या तिसऱ्या रविवारी अर्धा तास काढा. वेळापत्रकावर ज्या चौकटी तीनपैकी दोन आठवडे रिकाम्या गेल्या, त्या खोडा. त्यांतलं जे काम करावंच लागणार आहे, ते दुसऱ्या वेळी लावा, तीच वेळ आग्रहाने परत लिहू नका. जी चौकट न ठरवता आपोआप भरली, उदाहरणार्थ शनिवारी सकाळी ग्रंथालयातले दोन तास, ती पक्की करा. उरलेल्या मोकळ्या तासांची पुन्हा एकदा बेरीज करा, आणि ती सहाच्या खाली गेली असेल तर एक काम कमी करा.